ऑनर्सचं समन्वयकपद घ्यावं की नको?

रत्नागिरीकर_बॉटनी:
मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. आठ वर्षं तासिका तत्त्वावर काढली, गेल्या वर्षी कायम झाले. आता आमच्याकडे चौथं वर्ष, संशोधनासह ऑनर्स सुरू करायचं चाललंय आणि प्राचार्यांनी समन्वयक म्हणून माझं नाव घेतलंय. पीएचडीतले दोन पेपर अजून लिहायचे आहेत, ते मागे पडतील. पण नको म्हटलं तर ज्यांना परवडेल ती मुलं मुंबईला जातील आणि बाकीच्यांचं शिक्षण तिथेच थांबेल. काय करावं?

निवृत्त_बाई:
घ्या. पण आठवड्याचे किती तास कमी होणार आणि संध्याकाळी लॅब उघडी राहणार का, हे आधी लेखी घ्या. हुशार मुलांचा शनिवारचा गट मी अकरा वर्षं चालवला, तोंडी शब्दावर विसंबून. एकही तास कमी झाला नाही. जर्नलं रात्री एकपर्यंत तपासायचे. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तरी पुन्हा करीन. एकदा ओहोटीला भाट्याच्या खाडीत उतरलो होतो. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी, वडील होडीवर जाणारे. तिने तिवर या खारफुटीच्या झाडाचं पान उलटं करून जिभेला लावलं, मग कांदळ या दुसऱ्या खारफुटीचं. "बाई, हे खारट लागतंय, ते नाही." तिवर पानातल्या ग्रंथींतून मीठ बाहेर टाकतं, कांदळ ते बरंचसं मुळाशीच अडवतो. मी हे फळ्यावर दोनदा शिकवलं होतं, पण तिला सापडलं ते त्या दिवशी. पुढे सहा महिने ती उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) आणि भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवशीची पानं धुवायची आणि रसायनशास्त्राकडून मागून आणलेल्या मीटरवर त्या पाण्याची वाहकता मोजायची, म्हणजे पानावर किती मीठ होतं ते कळायचं.

यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यात संशोधनासह ऑनर्सला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, प्रकल्पाला १२ क्रेडिट आहेत. ही मुलगी ६८ वर अडकली असती. म्हणून मुलांना पहिल्या वर्षापासूनच चिखलात न्या. तिसऱ्या वर्षाच्या निकालाची वाट बघत बसलात तर अशी मुलं तुमच्यापर्यंत पोचणारच नाहीत.

सड्यावरचा_सर:
बाईंशी सहमत. एक भर घालतो: प्रकल्पाची जागा मुलांच्या एसटी पासच्या रस्त्यावरच निवडा. रिक्षाचे पैसे नाहीत म्हणून आमचा एक चांगला मुलगा गळला. नंतर कॉलेजमागच्या कातळावरच दोरीने मीटरभराचा चौकोन आखला आणि जूनपासून दर आठवड्याला त्यातली झाडं मोजली. सप्टेंबरात सीतेची आसवं फुलली तेव्हा मुलं सुट्टीच्या दिवशीही येत होती.

रत्नागिरीकर_बॉटनी:
तासांचं लेखी द्यायला प्राचार्य तयार आहेत, लॅबचं उद्या विचारते. बाई, ती मुलगी आता काय करते?

निवृत्त_बाई:
एमएस्सी केली, आता शाळेत विज्ञान शिकवते. आणि हो, खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, पानांचे नमुनेसुद्धा परवानगीशिवाय घेऊ नका. वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे अर्ज आत्ताच टाका. जूननंतर खाडीत उतरणं कठीण.