वाकलेल्या पृष्ठभागावर शिअर कसा मोजायचा? मदत हवी आहे

गुडघ्याखालच्या कृत्रिम पायात लायनर (उरलेल्या पायावर चढवायचं मऊ आवरण) आणि सॉकेट (तो पाय ज्यात बसतो ती कडक वाटी) यांच्या मध्ये दाब आणि शिअर (पृष्ठभागाला समांतर ओढ) दोन्ही मोजायचे आहेत. कातडी नुसत्या दाबाने सोलवटत नाही, ती ओढलीही जाते. म्हणून शिअर सोडून चालणार नाही.

फ्लेक्सिफोर्स ए३०१ हा पातळ दाब-सेन्सर लावून पाहिला. जाडी जेमतेम ०.२ मिमी, बसतो छान, पण फक्त लंब दाब सांगतो. शिवाय वजन तसंच ठेवलं तरी आकडा हळूहळू चढत राहतो. सिलिकोनमध्ये चुंबक आणि खाली हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र मोजणारा) हेही केलं. त्यात शिअर सुरेख दिसतो, पण जाडी ५ मिमीच्या वर जाते, म्हणून बाद.

आता फ्लेक्स पीसीबीवर (लवचिक सर्किट बोर्डवर) चार कपॅसिटिव्ह चौकोन (दाबले की धारकता बदलणारे) आणि वर पीडीएमएसचा (मऊ सिलिकोन रबराचा) उंचवटा असं करतोय. समोरासमोरच्या चौकोनांतल्या फरकावरून शिअर काढतो. सपाट टेबलावर उत्तम चालतं, पण सॉकेटच्या वळणावर चिकटवलं की काहीही न ओढता फरक दिसायला लागतो.

जाडी दीड मिमीच्या आतच हवी, आत घाम असतो, आणि तयार महागडी सिस्टीम परवडणारी नाही.

वाकण्यामुळे येणारा फरक आणि खरा शिअर वेगळे कसे काढायचे? बसवल्यावर शून्य घेतलं की पुरतं, की त्याच वळणाच्या साच्यावर कॅलिब्रेशन (माहीत असलेला भार लावून आकडे जुळवणं) करावंच लागतं?