कोनिंग्सडाखच्या खेळांत मुलीला कसं सामील करू?

प्रश्न
आम्ही जानेवारीत नेदरलँड्समध्ये आलो. आमर्सफोर्टजवळच्या एका लहान गावात राहतो. मुलगी सात वर्षांची आहे, शाळेत जाते, पण डच अजून मोडकंतोडकंच. २७ एप्रिलला कोनिंग्सडाख, राजाच्या वाढदिवसाची सुट्टी. त्या दिवशी सकाळी गावच्या मैदानावर मुलांचे खेळ आहेत, असा कागद आमच्या दारात पडलाय. आम्ही इथे कुणाला ओळखत नाही. असं आपणहून जाऊन उभं राहिलेलं चालतं का?

गेल्या महिन्यात बागेत मुलं पकडापकडी खेळत होती. ही अर्धा तास कडेला उभी राहिली आणि घरी येऊन रडली. ते मला पुन्हा बघवणार नाही. कुणी अनुभवी असेल तर नेमकं काय करायचं ते सांगा.

प्रतिसाद १
बिनधास्त जा. कागद दारात पडला, तेच आमंत्रण. तिला काहीतरी नारिंगी घाला, एखादी रिबनसुद्धा पुरेल. राजघराण्याचं नावच ओरान्ये-नासाऊ आणि ओरान्ये म्हणजे नारिंगी, म्हणून त्या दिवशी सगळं गाव त्याच रंगात असतं.

प्रतिसाद २
ताई, तुमचं ते ‘अर्धा तास कडेला’ वाचून पोटात तुटलं. आमचा मुलगा सहा वर्षांचा असताना अगदी असाच उभा राहायचा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हे खेळ बहुतेक गावांत ओरान्ये फेरेनिखिंग भरवते. हे स्वयंसेवकांचं स्थानिक मंडळ असतं. आमच्याकडे मैदानात शिरताना एका टेबलावर मुलांना कार्ड देतात आणि प्रत्येक खेळ झाला की त्यावर शिक्का मारतात. बागेतल्या पकडापकडीत आधीच्या मुलांनी आपल्याला घ्यावं लागतं. इथे रांग असते आणि रांगेत उभं राहिलं की नंबर येतोच. हा फरक तिला घरीच समजावून सांगा. माझ्या मुलाच्या मनातली निम्मी भीती एवढ्यानेच गेली होती.

पहिल्यांदा तिला कूकहापनकडे न्या. ताणलेल्या दोरीला सुतळीने ओंटबाइटकूकचे काप टांगलेले असतात. हा राईच्या पिठाचा, दालचिनी-लवंग घातलेला तपकिरी केक. हात पाठीमागे ठेवून तो नुसत्या तोंडाने खायचा, आणि दोरी धरणारे ती मध्येच वर उचलतात. काप असतो चिकट. तोंडात जायच्या आधी तो गालाला लागतो, नाकाला लागतो, केसांत अडकतो. माझ्या मुलाच्या कपाळाला एक तुकडा चिकटून बसला होता. शेजारच्या मुलीने तो बोटाने काढला, त्याला दाखवला आणि दोघं हसत सुटली. पुढचे सगळे खेळ त्यांनी जोडीने केले. तोवर त्याला डचमध्ये आकडे आणि रंग एवढंच येत होतं.

स्पायकरपूपनची तयारी घरी करून घ्या. कमरेला दोरी बांधायची, पाठीमागे तिच्या टोकाला खिळा. मागे न बघता हळूहळू खाली बसत तो जमिनीवरच्या बाटलीच्या तोंडात घालायचा. चार दिवस सराव झाला असला की मूल रांगेत ताठ उभं राहतं.

शूलनही असेल. लांब लाकडी पाटावरून ३० चकत्या सरकवून समोरच्या चार कप्प्यांत घालायच्या. चारही कप्प्यांत एकेक गेली की २० गुण. आमच्याकडे तिथे एक आजोबा बसतात आणि प्रत्येक मुलाला चकती कशी धरायची ते हात धरून शिकवतात.

एकच वाक्य पाठ करून घ्या: ‘मख इक मेदून?’ म्हणजे ‘मी पण खेळू का?’ आणि तुम्ही दोन पावलं मागे राहा. मी पहिल्या वर्षी सतत मराठीतून सूचना देत होते, तेव्हा तो माझ्याकडेच बघत राहिला.

प्रतिसाद ३
वरच्या ताईंनी सगळं नीट लिहिलंय, दोनच गोष्टी जोडतो. प्राथमिक शाळांमध्ये कोनिंग्सडाखच्या आधी एका शुक्रवारी कोनिंग्सस्पेलन असतात. २०१३ पासून ही पद्धत आहे. शाळेत सगळे मिळून न्याहारी करतात आणि मग खेळ. तिच्या वर्गाचं काय ठरलंय ते बाईंना विचारा. वर्गातली एखादी मुलगी मैदानावर येणार असेल तर आधीच कळेल.

दुसरं म्हणजे फ्रायमार्क्ट. त्या दिवशी मुलं रस्त्यावर चादर अंथरून जुनी खेळणी विकतात, परवाना लागत नाही. ॲमस्टरडॅमचं फोंडेलपार्क तर त्या दिवशी खास मुलांच्या विक्रीसाठी राखून ठेवतात. लाजऱ्या मुलासाठी हे फार चांगलं, कारण तिला कुणाकडे जावं लागत नाही, मुलंच चादरीपाशी येऊन बसतात. आमच्या लेकीने ५० सेंटला एक कोडं विकलं आणि घेणाऱ्या मुलासोबत तिथेच बसून ते पुरं केलं.

प्रश्नकर्ती
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. रांगेचं तिला आत्ताच सांगितलं. तिने लगेच विचारलं, ‘म्हणजे मला कोणी नाही म्हणणार नाही?’ बाईंना उद्या भेटते. बाटली आणि खिळा काढून ठेवलाय, पण दोरी किती लांब ठेवू?

प्रतिसाद २
ती सरळ उभी असताना खिळा गुडघ्याच्या जरा वर यायला हवा. आणि बाटली रुंद तोंडाची घ्या, पहिल्याच दिवशी जमलं पाहिजे.