इंजेराची ‘जाळी’, त्सोमचा ‘उपवास’

पळीवाढी: इथिओपियन जेवणाबद्दल मराठीत लिहिताना इंजेराला, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या पिठाच्या पोळीला, ‘आंबोळी’ म्हणावं का? आणि मेनूवरच्या ‘फास्टिंग’ ताटाला ‘उपवासाचं ताट’?

काथवट: आंबोळी म्हटलं की आंबूसपणा आणि लुसलुशीतपणा लगेच कळतो, तेवढ्यापुरतं चालेल. पण हे पीठ टेफचं, खसखशीएवढ्या बारीक धान्याचं. आधीच्या घाण्याच्या पिठावर सुटलेलं पिवळसर पाणी, म्हणजे ‘एर्शो’, नव्या पिठात घालून ते दोन-तीन दिवस आंबवतात. एर्शोला ‘विरजण’ चपखल बसतं.

खरी गंमत ‘अब्सित’ची. आंबलेल्या पिठाचा साधारण दहावा हिस्सा काढून तिप्पट पाण्यात शिजवतात, कोमट करून परत पिठात मिसळतात. ही आपली उकडच! ती वगळली तर इंजेरा सपाट आणि पिठूळ होतो. उकड मिसळल्यावर पीठ पुन्हा फुगू द्यायचं, मगच मितादवर, म्हणजे त्या मोठ्या तव्यावर, कडेकडून आत गोल ओतायचं. वर छिद्रं उमटली की झाकण. उलटायचा नाही. आपण या छिद्रांना ‘जाळी’ म्हणतो, अम्हारिकात ‘डोळे’ (आयन). पीठ घट्ट राहिलं तर हे डोळे बुजतात.

आंबटचुका: ‘उपवासाचं ताट’ मात्र अजिबात नको. वाचक साबुदाणा शोधत बसेल. ‘त्सोम’मध्ये, म्हणजे तिथल्या उपवासात, मांस, अंडी, दूध, तूप बंद, डाळी, कांदा, लसूण चालतात. आपल्या उपवासाच्या जवळजवळ उलट! तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचा बुधवार-शुक्रवार त्सोमचा, शिवाय ईस्टरआधीचे 55 दिवस. म्हणून ‘त्सोमचं ताट’ लिहून एकदा खुलासा करावा. मेनूवर ‘बेयायनेतु’ दिसेल: एकाच इंजेरावर मिसिर (मसूर), किक (वाटाण्याची डाळ), गोमेन (पालेभाजी), शिरो. शिरो म्हणजे शिरा नव्हे, पिठल्याचा भाऊ. एरवी त्यात निटर किब्बे (मसाल्यात कढवलेलं लोणी) पडू शकतं, दूध-तूप टाळणाऱ्यांनी विचारून घ्यावं. गहू वर्ज्य असेल तर इंजेराबद्दलही विचारा. परदेशातल्या हॉटेलांत टेफमध्ये गव्हाचं किंवा जवाचं (बार्लीचं) पीठ बऱ्याचदा मिसळलेलं असतं.

पळीवाढी: आणि ‘वॉत’ म्हणजे रस्सा?

काथवट: रस्सा म्हटलं की पातळ वाटतं. वॉत दाट असतो आणि दाटपणा कांद्याचा, वाटणाचा नाही. डोरो वॉतला कोंबडीच्या वजनाइतका तरी कांदा लागतो. अगदी बारीक चिरून, तेलाशिवाय, मंद आचेवर पाऊण तास तरी परततात; खाली लागला तर पाण्याचा हबका. त्यानंतर किब्बे, मग बर्बेरे मसाला. तेल आधी घातलं तर कांदा तळला जातो, विरघळत नाही आणि वॉत फुटका दिसतो. बर्बेरेचा तो ‘के’ (लाल), हळदीचा फिका तो ‘अलिचा’. कोल्हापूरवाल्यांनी तांबडा-पांढरा म्हणायचा मोह आवरावा, अलिचा पिवळा असतो.

आंबटचुका: ‘फिरफिर’ला मात्र सरळ ‘फोडणीची पोळी’ म्हणा. उरलेला इंजेरा तोडून बर्बेरेच्या रश्श्यात घोळवलेला असतो.

राहिला ‘गुर्शा’. ‘घास’ हाच शब्द, पण आपल्याकडे घास भरवतात तो लेकराला किंवा लग्नात नवरा-नवरीला; तिथे मोठी माणसं एकमेकांना भरवतात. घास मोठा तितकी माया जास्त, नाकारणं वाईट दिसतं. भरवायचा उजव्या हाताने, इंजेराचा तुकडा नीट दुमडून, बोटं समोरच्याच्या ओठांना न लावता.