इन्क्युबेशन सेंटरला ट्रेनिंग नको, मग मागायचं काय?

फाईलवाला:
एका राज्य विद्यापीठाच्या इन्क्युबेशन सेंटरमध्ये, म्हणजे नवउद्योगांना आणि संशोधनाला उद्योगांशी जोडून देणाऱ्या केंद्रात, मॅनेजर आहे. पद भारदस्त, ऑर्डर अकरा महिन्यांची. महाराष्ट्राच्या २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात 'नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य' आलं, म्हणून आमच्या दारावर पाटी लागली. पाटीमागे मी, डेटा एंट्रीचा एक मुलगा आणि अतिरिक्त कार्यभार म्हणून संचालकपद सांभाळणारे सर.

मध्यंतरी एमआयडीसीतला एक फाउंड्रीवाला (धातूच्या ओतकामाचा कारखानदार) आला. जळकी वाळू टाकायला जागा उरली नाही, विटांत चालेल का तपासून द्या, पैसे देतो म्हणाला. केमिस्ट्रीच्या मॅडम तयार. मी टिप्पणी टाकली. लेखा विभाग म्हणे, पैसे कुठल्या लेखाशीर्षात (हिशेबाच्या खात्यात) घ्यायचे? जीएसटी कोण भरणार? विधी विभागाने करारनामा 'अभिप्रायार्थ' ठेवून घेतला, तो तिथेच आहे. फाउंड्रीवाल्याने खासगी लॅब गाठली. आणि नॅक (विद्यापीठांचं मूल्यांकन करणारी संस्था) आलं की सामंजस्य करारांची यादी मात्र माझ्याचकडून हवी, फोटोंसकट!

आता मला 'डिझाइन थिंकिंग'च्या ट्रेनिंगला पाठवतायत. प्रशासनाकडे नेमकं काय मागू?

निवृत्त_कक्षाधिकारी:
ट्रेनिंगला जा, जेवण बरं असतं. आल्यावर एकच टिप्पणी लिहा. दर कामाला वेगळी मंजुरी मागत बसलात तर जन्मभर फायलीमागे फिराल. व्यवस्थापन परिषदेकडून एकदाच मंजूर करून घ्या: कराराचा ठरलेला मसुदा, तपासणीचे आणि सल्ल्याचे दर, स्वतंत्र लेखाशीर्ष, आणि अमुक रकमेपर्यंत संचालकांच्या सहीने काम घेण्याचे अधिकार. पैशाची वाटणीही त्याच ठरावात. प्राध्यापक, विभाग, विद्यापीठ यांचे हिस्से सगळे लिहितात; केंद्राचा हिस्सा लिहायचा राहतो आणि तुमचं मानधन त्यातूनच निघायचं असतं. जीएसटी १८ टक्के, बिलात वेगळा दाखवा, विद्यापीठाच्या नोंदणीवर भरला जाईल. आणि वित्त अधिकाऱ्यांना फाईल जायच्या आधी भेटा. आयत्या वेळी समोर आलेल्या कागदावर 'नियम तपासून फेरसादर' हाच शेरा पडतो.

प्रयोगशाळेतून:
मी प्राध्यापक आहे, दुसऱ्या विद्यापीठात. आमच्या केंद्रातल्या मुलीने माझा पेपर जाण्याआधी अडवला आणि पेटंटचा प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज भरायला लावला. आधी छापून आलं असतं तर पेटंटचं नावीन्यच संपलं असतं. पूर्ण अर्जाला वर्षाची मुदत मिळते, तेवढ्यात उरलेले प्रयोग झाले. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत भारतीय पेटंटला प्राध्यापकाच्या संशोधन-गुणांत ७ गुण आहेत. ते माझ्या खात्यात. तिच्या नेमणुकीच्या मुदतवाढीच्या कागदांत या कामाची एक ओळ नव्हती! मग मी कुलसचिवांना सहीनिशी पत्र दिलं, प्रत तिला. तुम्हीही प्रत्येक कामानंतर प्राध्यापकांकडून असं पत्र मागून घ्या. लाजू नका, आम्हाला सुचत नाही.

लीड्सकर:
इंग्लंडात या कामासाठी विद्यापीठांना 'हायर एज्युकेशन इनोव्हेशन फंडिंग' हा वेगळा सरकारी निधी येतो, पदं त्यातून भरता येतात. मुदतीच्या नेमणुका इथेही आहेत, पण पगार कुठून द्यायचा हा प्रश्न दरवेळी नव्याने निघत नाही.

फाईलवाला:
लीड्सकर, आमच्याकडे प्रिंटरचं टोनर कुठून द्यायचं हाही निघतो. कक्षाधिकारी साहेब, संचालकांच्या सहीची मर्यादा किती मागू? फाउंड्रीचं काम पन्नास हजारांच्या आतलं होतं.

निवृत्त_कक्षाधिकारी:
दोन लाख मागा. एकावर आणतीलच.