मदत हवी आहे: एक्सईव्ही ९ई प्रत्यक्ष पाहिली, आवडली, पण विदर्भाच्या उन्हाळ्यात चालवणाऱ्यांचं मत हवंय

नमस्कार मंडळी,

महिंद्राची एक्सईव्ही ९ई ही विजेची गाडी घ्यावी का, आणि घेतली तर ५९ युनिटची (किलोवॅट-तासांची) बॅटरी की ७९ ची, यावर आमच्या घरी गाडं अडलं आहे. व्हिडिओ भरपूर पाहून झाले, पण त्यातले बहुतेक पुण्या-मुंबईकडचे. मला नागपूर, वर्धा, चंद्रपूर, अकोला या पट्ट्यात विजेच्या गाडीसोबत निदान एक मे महिना काढलेल्या लोकांशी बोलायचं आहे. गाडी हीच असली तर उत्तम, दुसरी असली तरी चालेल.

आधी आमची गरज सांगतो. घर मनीषनगरला, स्वतंत्र, पोर्चमध्ये गाडी उभी राहते. मी रोज बुटीबोरी एमआयडीसीत जातो, जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. काटोलकडे संत्र्याचा बगीचा आहे, तिकडे आठवड्याला एखादी फेरी होतेच. बायकोचं माहेर यवतमाळ. वर्षातून एक-दोनदा पुणे. गाडीत आम्ही दोघं, मुलगी आणि बरेचदा आई-बाबा. बाबा सत्तरी ओलांडलेले, उंच, आणि दोन्ही गुडघे दुखरे. म्हणून मागची सीट आमच्यासाठी पुढच्या सीटपेक्षा महत्त्वाची आहे.

गाडी वर्धा रोडवर पाहिली, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी. वेळ मुद्दाम तीच निवडली होती. एक गाडी आत एसीत झळकत होती, पण मी डेमोची, बाहेर उन्हात उभी असलेली, आधी दाखवा म्हटलं.

पहिली गोष्ट म्हणजे आकार. ४७८९ मिलिमीटर लांबी कागदावर वाचली होती, पण जवळ उभं राहिल्यावर ती अंगावर येते. १९०७ मिलिमीटर रुंदी आमच्या पोर्चच्या फाटकातून काढताना दोन्हीकडे आरसे सांभाळावे लागतील. समोरून गाडी भारदस्त आहे, आणि मागे उतरत जाणारं छप्पर फोटोत मला आवडलं नव्हतं, ते प्रत्यक्षात आवडलं. दाराचे हँडल दारातच बसलेले, आईने ते शोधायला दारावर हात फिरवला आणि पत्रा तापलेला म्हणून पदराने धरून ओढलं.

आत डॅशबोर्डवर तीन स्क्रीन आहेत, प्रत्येकी १२.३ इंचांच्या, ओळीने. मुलगी पुढच्या सीटसमोरच्या स्क्रीनपाशी बसली ती उठेचना. मला स्वतःला एसी कमी-जास्त करायला खरं बटण आवडतं, पण त्याची सवय होईल असं वाटतं. साहित्य चांगलं, दार लावल्यावरचा आवाज भरीव, बाहेरचा वर्धा रोड एकदम गप्प होतो. डिकी ६६३ लिटर आणि पुढच्या बॉनेटखाली १५० लिटर. संत्र्याचे क्रेट किती बसतील हे बाबांनी लगेच डोळ्यांनी मोजलं! स्टेपनी मात्र नाही, पंक्चर किट मिळतं. काटोलच्या आडरस्त्यावर बाभळीचा काटा असेल तर किटने भागतं, पण टायरची बाजू फाटली तर काय करायचं, हे कोणी अनुभवलं असेल तर सांगा.

आता ज्या दोन गोष्टींसाठी हा धागा काढला त्या.

पहिली, काचेचं छप्पर. मोठं, बंद, न उघडणारं, आणि त्याला आतून ओढायचा पडदा नाही. पुण्यात संध्याकाळी ते सुंदरच दिसत असेल. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, २०१३ च्या मे महिन्यात तर ४७.९ नोंदला गेला होता. दुपारी दोनच्या उन्हात कुठलीही काच तापणारच. मी आतून काचेला तळहात लावून पाहिला, थोडा वेळ ठेवता येतो, फार वेळ नाही. एसी सुरू केल्यावर पुढे लवकर गार झालं, एसीची ताकद चांगली आहे यात शंका नाही. प्रश्न मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर वरून येणाऱ्या धगीचा आहे. तुम्ही फिल्म लावून घेतली का? लावली असेल तर फरक किती पडला? की मापाची जाळी मिळते ती पुरते?

दुसरी, मागची सीट. पाय पसरायला जागा भरपूर आहे, तिथे तक्रार नाही. पण विजेच्या गाडीत बॅटरी पायाखाली असते, त्यामुळे जमीन थोडी वर येते आणि सीट त्या मानाने खाली राहते. बाबा बसले तर गुडघे वर, मांड्या सीटवरून अधांतरी. चढताना डोकंही वाकवावं लागलं, छप्पर मागे उतरतं म्हणून. ते म्हणाले, “चालते रे, दोन तासांचा तर प्रवास.” बाबा असंच म्हणतात. उतरताना त्यांनी दाराची कड धरून जोर लावला, तो मी पाहिला. ज्यांच्याकडे वडीलधारी माणसं मागे बसतात त्यांनी काही उशी, आधार, काही उपाय केला आहे का?

चालवून पाहिली ती थोडीच, दुमजली उड्डाणपुलावरून परत. मागच्या चाकांना ताकद, त्यामुळे सुरुवातीलाच सीटला पाठ टेकते. ५९ वाल्या गाडीत २३१ पीएस (साधारण अश्वशक्तीच) आहे आणि ७९ वाल्यात २८६, आमच्या कामाला दोन्ही जास्तच. खड्ड्यांवर माझ्या डिझेल गाडीपेक्षा कितीतरी शांत. एक्सिलरेटर सोडल्यावर गाडी स्वतः ब्रेक घेते आणि वीज परत बॅटरीत जाते, ते जास्तीवर ठेवलं तेव्हा आईला मळमळलं. कमीवर ठेवल्यावर ठीक.

बॅटरीचं गणित असं मांडलं आहे, चुकत असेल तर सांगा. कंपनीचा आकडा ५९ साठी ५४२ किलोमीटर आणि ७९ साठी ६५६, तो चाचणीतला. मी शहरात एसीसकट शंभर किलोमीटरला १८ युनिट धरले, तर ५९ वाली सव्वातीनशे जाते. समृद्धीवर वेगाची मर्यादा १२०, आणि वेग वाढला की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो, तिथे २२ युनिट धरले तर तीच गाडी पावणेतीनशेच्या आत येते, ७९ वाली साडेतीनशेच्या वर. यवतमाळ जाऊन-येऊन तीनशे. मुक्काम असला तर सासऱ्यांकडे १५ अँपिअरच्या प्लगवर रात्रीत तीसेक युनिट भरतील, मग ५९ पुरते. पण लग्नकार्याला सकाळी जाऊन रात्री परत यायचं असतं, तेव्हा ७९ लागते. किमतीतला फरक दीड लाखाच्या वर आहे. एवढे पैसे वर्षातल्या मोजक्या फेऱ्यांसाठी घालावेत का?

पुण्याला जायचं तर शिवमडक्याला समृद्धी पकडून संभाजीनगरला उतरायचं. राज्याच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या कारला समृद्धीवर टोल माफ आहे. प्रत्यक्षात तुमच्या फास्टॅगमधून कापला जातो का? आणि मेहकर ते जालना या टप्प्यात चालू असलेला, रांग नसलेला वेगवान चार्जर कुठे मिळाला? नकाशावरचे ठिपके मी पाहिले आहेत, मला त्या ठिकाणी स्वतः गाडी लावलेल्यांचं ऐकायचं आहे.

घरी सिंगल फेज आहे. उन्हाळ्यात दोन एसी आणि हॉलमध्ये मोठा कूलर. त्यावर ७.२ किलोवॅटचा चार्जर म्हणजे एकट्यालाच ३१-३२ अँपिअर. मंजूर भार वाढवून भागेल की थ्री फेजच घ्यावं? बगीच्यात थ्री फेज आहे, पण ते कृषिपंपाचं कनेक्शन. त्यावर गाडी लावणं नियमात बसत नाही, म्हणून तो पर्याय मी धरलेला नाही.

शेवटचं, नावाबद्दल. बॅटरीची आजीवन हमी पहिल्या खाजगी मालकाला आहे, मालक बदलला की १० वर्षं किंवा २ लाख किलोमीटर. आईची इच्छा गाडी बाबांच्या नावावर घ्यावी अशी आहे. पुढे माझ्या नावावर केली तर मी दुसरा मालक धरला जाईन का? कोणी कंपनीकडून लेखी उत्तर घेतलं असेल तर फार उपकार होतील.

---

प्रतिसाद (चंद्रपूरहून)

दादा, माझ्याकडे ही गाडी नाही, दुसऱ्या कंपनीची विजेचीच आहे, आणि चंद्रपूरचा उन्हाळा तुम्हाला वेगळा सांगायला नको. बॅटरीची काळजी करू नका. या गाडीतल्या सेल एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या आहेत, त्या उष्णतेत जास्त स्थिर असतात, आणि बॅटरीला द्रव फिरवून थंड ठेवलं जातं. तरी दुपारी लांबून आल्या आल्या वेगवान चार्जरला लावली तर गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते, तेव्हा चार्जर बिघडला असं समजू नका. एलएफपी अधूनमधून पूर्ण १०० टक्के भरावी, नाहीतर उरलेल्या टक्क्यांचा अंदाज चुकायला लागतो.

छपराला उष्णता अडवणारी सिरॅमिक फिल्म लावा. फक्त काळी असलेली स्वस्त फिल्म अंधार करते, धग तेवढीच राहते. आणि निघायच्या दहा मिनिटं आधी मोबाइलवरून एसी सुरू करा, गाडी चार्जरला जोडलेली असतानाच. ती वीज मग घरची जाते, बॅटरीतली नाही.

प्रतिसाद (नागपूर, त्रिमूर्तीनगर)

भाऊ, मी वायरिंगचीच कामं करून राहिलो इतकी वर्षं, म्हणून सांगतो. चार्जर घेण्याआधी अर्थिंग मोजून घ्या. आपली काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते, खड्ड्यातली ओल जाते आणि अर्थिंग ढिलं पडते. कूलर, एसी काही बोलत नाहीत, पण गाडीचा चार्जर अर्थिंग तपासतो आणि लाल दिवा दाखवून बसतो. चार्जरला वेगळा अर्थिंगचा खड्डा करा, उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत जा. मीटरपासून पोर्चपर्यंत वेगळी जाड केबल, वेगळा एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा) आणि आरसीसीबी (गळती झाली की तोडणारा). जुन्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर रात्रभर गाडी लावू नका, सॉकेट वितळलेले मी काढले आहेत.

रोज पन्नास किलोमीटर म्हणजे नऊ-दहा युनिट. त्याला ७.२ वाला चार्जर दीड तास घेईल. रात्री अकरानंतर लावा, कूलर बंद करून एसीवर आलात तरी भार झेपते. आधी मंजूर भार वाढवायचा अर्ज करा, थ्री फेजचं महावितरणवाले तपासणीला आले की विचारा.

बाबांच्या गुडघ्यांसाठी एक पाहा: याच कंपनीची एक्सईव्ही ९एस, सात सीटची, नोव्हेंबर २०२५ मध्ये आली. तिचं छप्पर मागे उतरत नाही आणि मधली सीट मागे-पुढे सरकते. टाटाच्या विजेवरच्या हॅरियर ईव्हीतही बसवून पाहा, तिच्या छपराला पडदा आहे.

---

चंद्रपूरच्या दादांचे आणि त्रिमूर्तीनगरच्या भाऊंचे मनापासून आभार. अर्थिंगचा मुद्दा शोरूममध्येही कोणी काढला नव्हता. काल मीटरवाल्या मिस्त्रींना बोलावून मोजून घेतलं, वेगळा खड्डा करावाच लागणार आहे. गाडी कुठलीही आली तरी ते काम आता करून घेतो.

९एस पाहून आलो. बाबा न वाकता आत बसले, आणि मधली सीट मागे सरकवल्यावर पाय सरळ झाले. मांड्यांचा आधार ९ई पेक्षा बरा वाटला, पण पंधरा मिनिटं बसून कळतं ते वेगळं आणि यवतमाळपर्यंत बसून कळतं ते वेगळं. मला चालवायला अजूनही ९ई जास्त आवडते हे खरं, पण ती मी एकटा वापरणार नाही. हॅरियर ईव्ही पाहायची राहिली आहे, काटोलच्या रस्त्यासाठी तिची चारही चाकांना ताकद देणारी आवृत्ती कामाची ठरेल असं वाटतं.

आता नागपुरात ९एस किंवा हॅरियर ईव्ही घेतलेल्यांना एक विनंती आहे. एखाद्या रविवारी आई-बाबांना तुमच्या गाडीत मागे बसवून वर्ध्यापर्यंत जाऊन येऊ देता का? दुपारचीच वेळ हवी. चार्जिंगचा आणि दुपारच्या जेवणाचा खर्च माझा, गाडी तुम्हीच चालवा. निरोपातून कळवा, मी फोन करतो. आणि समृद्धीवरच्या चार्जरबद्दल अजून कोणी लिहिलेलं नाही, गेल्या महिन्याभरात मेहकर-जालना गेलेल्यांनी कृपया दोन ओळी टाकाव्यात.