हेल कुणाचा, जीभ कुणाची? (अनुभव धागा)

बदलीवाला

पुण्यात जन्मलो, तिथेच वाढलो. दीड वर्षापूर्वी नागपूरला बदली झाली. पहिले दोन महिने ‘करून राहिले’, ‘जाऊन राहिले’ ऐकून हसू यायचं. नंतर हसू यायचं बंद झालं. का बंद झालं ते मात्र लक्षात आलं नाही.

मग एकदा ऑफिसखालच्या टपरीवर मी म्हणालो, “भाऊ, एक चहा द्या ना जी. साखर कमी टाकून राहिले ना?” टपरीवाल्याच्या हातातली गाळणी तशीच थांबली. “काऊन जी, मजाक करून राहिले का आमची?” माझे कान तापले. थट्टेचा विचारही मनात नव्हता, आणि ‘जी’ तोंडातून गेला हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. खुलासा करायला गेलो तर त्यातही दोनदा ‘ना जी’ आलं.

त्याच संध्याकाळी आईचा फोन. बोलणं सगळं पुणेरी, शब्दन् शब्द जागच्या जागी. म्हणजे जीभ शहाणी आहे, मीच बावळट. तुमच्याही जिभेनं कधी असा दगा दिलाय का? लिहा.

तावडे हॉटेल

मी कोल्हापूरची, सासर पुण्यात. आमच्याकडे बायकाही ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. पुण्यात पहिल्याच आठवड्यात “आई, मी भाजी घेऊन आलो” म्हटलं आणि सासूबाईंनी दारामागे कोण आलंय ते वाकून पाहिलं. आता अकरा वर्षं ‘आले’, ‘गेले’ बिनचूक चाललंय. पण माहेरी जाताना एसटी तावडे हॉटेलपाशी वळली की माझ्यातलं काहीतरी पण वळतं. भावाला फोन लावते, “पोचलो बघ, ये की न्यायला.” शेजारच्या सीटवर मुलगी असते. ती म्हणते, आई, तू मुलगा झालीस.

नाइट शिफ्ट

माझं सुरू झालं ते पगारासाठी. कॉल सेंटरला सहा आठवडे ट्रेनिंग, ‘व’ म्हणताना ओठांचा चंबू करा, दोन स्वरांमधला ‘ट’ मऊ करा. तिथवर ठीक. पण एका सकाळी शिफ्ट संपवून मंडईत गेलो आणि मावशींना म्हणालो, “अर्धा किलो टमेडो.” मावशींनी शांतपणे विचारलं, “ते काय असतंय?” मी बोटानं दाखवले.

खवचट

‘नकळत’ वगैरे सगळं थोतांड आहे. आमचा एक नातलग तीन आठवडे लंडनला राहून आला आणि अजून ‘शेड्यूल’ वेगळंच म्हणतो. हा माज असतो, दुसरं काही नाही.

भाषाखोर

खवचट, माज असतोही कधीकधी. पण सगळीकडे नाही. समाजमानसशास्त्रज्ञ हॉवर्ड जाइल्स यांनी १९७० च्या दशकात यावर बराच विचार मांडला: समोरचा आवडत असेल किंवा त्याला आपण आवडावं असं वाटत असेल, तर आपलं बोलणं त्याच्याकडे झुकतं; अंतर राखायचं असेल तर उलट दिशेला जातं. बदलीवाल्यांना टपरीवाला आवडला असणार, एवढंच.

मला जास्त गंमत वाटते ती अंटार्क्टिकाच्या अभ्यासाची. हिवाळाभर तळावर अडकलेल्या ११ जणांचं बोलणं जाण्याआधी आणि तिथे असताना रेकॉर्ड केलं. काही महिन्यांत त्यांचे स्वर किंचित सरकले. २०१९ मध्ये हे छापून आलं. आणि इंग्लंडची राणी! तिच्या नाताळच्या भाषणांतले १९५० च्या दशकातले स्वर १९८० च्या दशकातल्यांशी ताडून पाहिले, तर ते सामान्य लोकांच्या उच्चारांकडे थोडे झुकलेले निघाले. राणीला कुणापुढे माज करायचा होता?

माझं स्वतःचं सांगायचं तर दिल्लीत चार वर्षं काढली. परत आले तेव्हा ‘चोर’, ‘चांगला’, ‘माझा’ सगळ्यांतले च-झ ‘चार’ आणि ‘माझी’सारखे टाळूला चिकटायचे. भाचा म्हणाला, मावशी, तू डब केलेल्या जाहिरातीसारखी बोलतेस.

परळचा मालवणी

वडील गिरणीत होते. चाळीत मुंबईचं मराठी, पण रागावले की थेट कणकवली: “खंय होतंस रे मेल्या?” परवा मीही मुलावर ओरडलो आणि तेच वाक्य, त्याच हेलात. मला मालवणी बोलता येत नाही.

ण-वाला

माझी गोष्ट थोडी वेगळी. लातूरजवळच्या गावातून शहरातल्या कॉलेजात आलो. पहिल्याच तासाला ‘पानी’ म्हणालो, मागचा बाक हसला. सरही हसले, ते जास्त लागलं. मग रोज रात्री खोलीवर आरशापुढे पाणी, लोणी, कोण, आणि. इतकं घोटलं की पुढे सेमिनारमध्ये ‘मणात’ आणि ‘णंतर’ बाहेर पडायला लागलं. तेव्हा पुन्हा हसले.

सुट्टीत घरी गेलो, आजीकडे पाणी मागितलं, नीट, ण सकट. तिनं तांब्या पुढे केला आणि म्हणाली, “शहराचं पानी लागलं की रं तुला.”

आता शिकवतो. वर्गात ण, घरी न. फक्त थकलो की कुठला कुठे जाईल याचा नेम नाही. एखादं पोरगं ‘पानी’ म्हणालं की मी हसत नाही. बाक हसला तर बाकाकडे बघतो.

बदलीवाला

वाचतोय सगळ्यांचं. ‘पोचलो बघ’ मी तीनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं.

काल टपरीवर गेलो होतो. भाषाखोर यांचं ऐकून ठरवलं होतं, जे येईल ते येऊ द्यायचं. पण मी तोंड उघडायच्या आत टपरीवालाच म्हणाला, “या. चहा घेणार आहात ना आपण? साखर कमीच ना?” अगदी सदाशिव पेठेतल्यासारखा, ‘आपण’ लांबवून. मी चमकून पाहिलं. तो पातेल्यात आलं किसत होता, चेहऱ्यावर काही नाही.

आता मी विचारू का, मजाक करून राहिले का म्हणून?