लाकडाच्या लेथसाठी पहिला चक कोणता घ्यावा?

प्रश्न – काळाशिसव

नमस्कार. मी नुकताच लाकूड कातण्याचा लहान लेथ घेतला आहे. त्यावर जास्तीत जास्त २५० मिलिमीटर व्यासाचे लाकूड फिरते आणि स्पिंडलचे, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याचे, आटे १ इंच, ८ टीपीआय (इंचाला ८ आटे) असल्याचे माहितीपत्रकात लिहिले आहे. दोन सेंटरांमध्ये, म्हणजे दोन टोकांच्या आधारांमध्ये, लाकूड धरून लाटणी आणि पटाशीच्या मुठी करणे आता जमू लागले आहे. पुढे वाडगे आणि झाकणाच्या डब्या करायच्या आहेत, त्यासाठी चक, म्हणजे स्पिंडलवर चढवून जबड्यांत लाकूड पकडणारा भाग, लागेल. ओळखीच्या एका वर्कशॉपमधून धातुकामाचा तीन जबड्यांचा जुना चक अगदी स्वस्तात मिळतो आहे. तो घ्यावा, की लाकूडकामाचा चार जबड्यांचा चक नवा घ्यावा? घेताना नेमके काय पाहावे, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

सागगाभा

तीन जबड्यांचा चक घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे अरुंद जबडे धातूचा दांडा धरण्यासाठी केलेले असतात. लाकडाला ते तीनच ठिकाणी टेकतात आणि जास्त आवळले की पकड वाढण्याऐवजी तंतू चेपतात, त्यामुळे काही वेळाने काम सैल पडते. शिवाय जाड काम धरताना ते जबडे चकच्या घेराबाहेर येतात, आणि लाकडाच्या लेथवर आपली बोटे टूलरेस्टवर (हत्यार टेकवायच्या आधारावर), म्हणजे त्या फिरत्या टोकांच्या अगदी शेजारी असतात. स्वस्तात मिळतो म्हणून हा धोका पत्करू नये.

लाकूडकामाच्या चकमध्ये एकच चावी फिरवली की चारही जबडे बरोबरीने सरकतात आणि काम आपोआप मध्यावर येते. आपल्या लेथला साधारण १०० मिलिमीटर व्यासाचा चक पुरे. त्याहून मोठा आणि जड चक लहान लेथच्या बेअरिंगवर विनाकारण भार टाकतो. न्यूझीलंडचा नोव्हा, ऑस्ट्रेलियाचा विकमार्क, कॅनडाचा वनवे आणि इंग्लंडचा रेकॉर्ड पॉवर ही या कामातली जुनी नावे आहेत. एका कंपनीचे जबडे दुसऱ्या कंपनीच्या चकला बसतीलच असे नसते, म्हणून ज्या कंपनीचे सुटे जबडे पुढे मिळत राहतील तिचाच चक घ्यावा. सुरुवातीला ५० मिलिमीटरच्या जबड्यांचा एकच संच पुरतो. दहा प्रकारच्या जबड्यांची पेटी घेण्याची गरज नाही.

आटेदार

वरील मताशी सहमत आहे, मात्र पैसे देण्याआधी आटे तपासावेत. १ इंच, ८ टीपीआय या वर्णनात दोन वेगळे आटे बसतात: ब्रिटिश व्हिटवर्थचा कोन ५५ अंशांचा असतो आणि अमेरिकी यूएनसीचा ६० अंशांचा. इंचाला ८ आटे दोन्हीकडे असल्यामुळे चुकीचा चकही बरेचदा चढतो, पण नीट बसत नाही. पिच गेज (आटे मोजण्याची दातेरी पट्टी) लावून पाहावे, म्हणजे शंका राहणार नाही. चक पूर्ण चढल्यावर त्याची मागची बाजू स्पिंडलच्या खांद्याला सर्व बाजूंनी टेकली पाहिजे. मध्ये फट दिसली तर काम हेलकावणारच. युरोपी पद्धतीच्या बऱ्याच लेथवर एम३३ × ३.५ आटे असतात. म्हणून आट्यांचा भाग वेगळा बदलता येईल असा चक मिळाला तर उत्तम, कारण उद्या लेथ बदलला तरी तेवढाच भाग नवा घ्यावा लागेल.

पांगारा

मी थोडे वेगळे सुचवतो. पहिले काही वाडगे फेसप्लेटवरच, म्हणजे स्पिंडलवर चढणाऱ्या सपाट चकतीवरच, करावेत. फेसप्लेटला जाड लाकडाचा ठोकळा स्क्रूने बसवावा, त्याचे तोंड सपाट करून वाडग्याचे कोरडे लाकूड त्यावर सरसाने चिकटवावे आणि काम झाले की ठोकळ्याच्या बाजूने कापून सुटे करावे. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांच्या कामात तर लाकूड पोकळ पेल्यात ठोकून बसवतात आणि तेवढ्या पकडीवर सुबक कातीव काम होते. चक सोयीचा आहे यात वाद नाही, पण आधी हत्यारे आणि त्यांना धार लावण्याची सोय यांवर खर्च व्हावा, असे मला मनापासून वाटते.

काळाशिसव

सर्वांचे आभार. तीन जबड्यांच्या चकचा विचार सोडला आहे आणि पिच गेज मागून आणतो. एक शंका उरते: जबड्यात धरण्यासाठी लाकडाच्या बुडाशी जो गोल खुंट ठेवायचा, तो किती व्यासाचा असावा?

सागगाभा

पकडीचे खरे मर्म या खुंटातच आहे. जबडे मुळात एका अखंड कड्याचे चार तुकडे असतात, त्यामुळे जवळजवळ मिटलेल्या स्थितीतच त्यांचे नेमके वर्तुळ होते आणि लाकडाला ते सर्व बाजूंनी टेकतात. खुंट फार मोठा ठेवला तर फक्त जबड्यांचे कोपरे रुततात. म्हणून आपल्या चकचे जबडे मिटवून, मध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवून आतला व्यास मोजावा आणि त्याच मापाचा खुंट करावा. त्याची उंची लहान वाडग्यासाठी ६ ते ८ मिलिमीटर पुरते. तो चकच्या तळाला टेकता कामा नये. खुंटाभोवतीचा सपाट खांदा जबड्यांच्या माथ्यावर बसला पाहिजे. काम डळमळण्याचे कारण बहुतेक वेळा इथेच सापडते. जबडे आतून उताराचे असतील तर खुंटालाही तसाच उतार द्यावा आणि शक्य असेल तोवर टेलस्टॉकचा (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या भागाचा) आधार काढू नये.

लाकूड ओले असेल तर वाळताना खुंट लंबगोल होतो, म्हणून तो आधी थोडा मोठा ठेवून वाळल्यावर पुन्हा गोल करावा लागेल.